मेंदूच्या नकाशाचे दक्षिण कोकणी मूळ

विल्यम डायमॉक आणि त्यांचे सहकारी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथातील सर्पगंधेचे प्रकरण चाळीत असता एका नोंदीने मला खिळवून ठेवले : दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे बहुतेक मजूर या मुळीचा थोडा साठा जवळ बाळगतात आणि पोटाच्या दुखण्यावर ती गुणकारी मानतात. दक्षिण कोकण म्हटले की मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी हा मुलूख त्यात आलाच. आणि मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक द्रव्याच्या नकाशाची कुळकथा याच मुळीपासून सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

रूढ वंशावळ अशी : एर्स्पामरने आतड्याच्या अस्तरात हे द्रव्य ओळखले, १९४८ साली रॅपोर्ट, ग्रीन व पेज यांनी ते रक्तद्रवातून वेगळे केले, आणि १९५३ साली बेटी ट्वारॉग व पेज यांनी ते सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही असल्याचे दाखविले. ट्वारॉगबाईंचे साधन होते शिंपल्यातील जीवाचे हृदय, जे सेरोटोनिनच्या अल्पांशानेही जोराने धडधडू लागते. तिसऱ्यांवर पोसलेल्या मालवणी माणसास हा दाखला मोहात पाडील. परंतु शिंपल्याने द्रव्याची हजेरी तेवढी लावली, त्याचे ठिकाण सांगितले नाही.

ते मुळीच्या साह्याने कळले. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली मुंबईतून तिचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला, १९५२ साली बाझेल शहरात तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य निघाले, आणि १९५५ साली ब्रोडी व सहकाऱ्यांना आढळले की रेसरपिनने मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. पुढे स्वीडनमध्ये फाल्क व हिलार्प यांच्या पद्धतीने, म्हणजे ऊतीवर फॉर्माल्डिहाइडची वाफ सोडून, सेरोटोनिनच्या पेशी पिवळ्या चमकविता आल्या. रेसरपिन दिलेल्या प्राण्यांत चमक मावळते, ही तिच्या खरेपणाची एक खातरजमा होती. त्या बळावर १९६४ साली डालस्ट्रॉम व फुक्से यांनी मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेलगत या पेशींचे नऊ पुंजके नोंदविले : वरच्यांचे तंतू प्रमस्तिष्काच्या बाह्यकापर्यंत चढतात, खालच्यांचे मेरुरज्जूत उतरतात.

प्रतिपक्ष दोन आक्षेप घेतो. पहिला असा की, कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ सालीच उन्मादावर व रक्तदाबावर ही मुळी वापरली होती. ते श्रेय निर्विवाद त्यांचे, पण त्यांची वाट मस्तकाकडून येते आणि मला महत्त्वाची वाटते ती पोटाकडची. दुसरा आक्षेप अधिक तीक्ष्ण आहे : रेसरपिनने जुलाब होतात, मग पोटाच्या दुखण्यावर ती मुळी कशी? याचे उत्तर मला डायमॉकनेच दिलेल्या कोकणातील पोटशुळाच्या पाठात सापडते. तेथे सर्पगंधेच्या दुप्पट कुड्याचे मूळ घालावयास सांगितले आहे, आणि कुडा अतिसार आवरतो हे सर्वविदित आहे. मुळीचा दोष जाणूनच ही जोड दिली गेली असावी, असा माझा तर्क आहे.

ग्राहींची, म्हणजे पेशींवर सेरोटोनिन जेथे चिकटून आपले काम करते त्या जागांची, कथाही पोटातूनच निघते. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते, आणि १९५७ साली गॅडम व पिकारेली यांनी त्याचे दोन प्रकारचे ग्राही प्रथम ओळखले ते गिनिपिगच्या आतड्यावर. आज त्यांची सात कुळे मानतात. त्यांतील १ए हा प्रकार हिप्पोकॅम्पसमध्ये दाट, २ए हा बाह्यकात दाट. तथापि तंतूंची दाटी व ग्राहींची दाटी सर्वत्र जुळत नाही, कारण तंतूंवरील मण्यांसारख्या फुगवट्यांतून सुटलेले द्रव्य पुष्कळदा आसपास पसरत जाऊन दूरच्या ग्राहीस गाठते. तिसऱ्या कुळाचे ग्राही तर आतड्यातील व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवर आणि लंबमज्जेतील वांतीच्या केंद्राशी, अशा दोन्ही ठिकाणी आहेत. कर्करोगाच्या औषधांनी होणारी वांती ऑन्डॅन्सेट्रॉन थांबविते ते याच ग्राहींना अडवून.