निगेटिव्हवरची धूळ आणि हनुवटीवरचं गोंदण



यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. आत सासऱ्यांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह होत्या. एका रोलात बाराच फोटो निघत, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढलेला. त्यातला एक १९७४ सालचा, आमच्या चामोर्शीच्या दुकानापुढचा. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. फोटोत सासूबाई आहेत आणि शेजारी चारोळी, डिंक घेऊन येणारी एक गोंड बाई. सासूबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत हिनेच हात दिला होता.

मी निगेटिव्ह स्कॅन करायला दिल्या. प्रिंट आली ती अगदी लख्ख. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हिचं गोंदण कुठं गेलं?"

कपाळावरचे आणि हनुवटीवरचे ठिपके धुळीबरोबर पुसले गेले होते! दागिना चोर नेतो, गोंदण मेल्यावरही सोबत येतं, असं आमच्या भागात म्हणतात. ते आम्ही दोन मिनिटांत घालवलं. तेव्हा ही धूळ काढतात तरी कशी, याच्या मागे लागले.

फोटोइतकाच हा उद्योगही जुना आहे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा थर दिलेली काच वापरून दाखवली. पुढे फिल्मवरही तोच थर आला. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होतं, हे वाचून माझा हात क्षणभर थबकलाच. स्टुडिओतले कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर आणि बारीक कुंचल्याने प्रिंटवर डाग भरून काढत. सिनेमाच्या प्रयोगशाळेत फिल्म खास द्रवातून नेत. द्रव ओरखड्यात भरला की ओरखडा दिसेनासा होतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'डिजिटल आइस' आलं. त्यात स्कॅनर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडतो. रंगीत फिल्मच्या रंगातून ते आरपार जातात, धुळीपाशी अडतात. त्यामुळे धूळ कुठे आहे ते यंत्राला कळतं. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्रच चांदीच्या कणांचं, आणि चांदी ते किरण धुळीसारखीच अडवते. म्हणून तिथे संगणक नुसता अंदाज करतो: आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा बारीक ठिपका म्हणजे धूळ. गोंदण तसंच असतं ना!

मग ओळखायचं कसं? धूळ उजेड अडवते, म्हणून फोटोत ती पांढरी उमटते. गोंदण काळं असतं. पण बुरशीने थर खाल्ला असेल तर तिथेही काळा ठिपका येतो. इथे माझं कॉमर्स कामाला आलं. रोजमेळ आणि खातेवही जुळवून ताळा घेतात, तसा मी त्याच रोलातला तिचा दुसरा फोटो शेजारी ठेवला. धूळ आणि बुरशी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते, गोंदण मात्र दोन्हीकडे त्याच जागी होतं. मूळ स्कॅन शिल्लक होतं म्हणून हे जमलं. त्या मुलाला शेजारी बसवून एकेक डाग हाताने काढून घेतला. दोन तास लागले.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं (१९१३) पहिलं आणि शेवटचं रीळच आहे. तीही १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मूळ हरवलं की ताळा कशाशी घेणार?

म्हणून मैत्रिणींनो, निगेटिव्ह पदराने पुसू नका, ओरखडे पडतात. कडेला धरा, रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश. मुनिमहाराजांची मोरपिच्छी फिरते तितक्या हलक्या हाताने. आपल्याकडे मे महिन्यात माळा भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात दमट होतो, म्हणून निगेटिव्ह कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा. बुरशी आपण अनंतकाय मानतो. पापड-लोणच्यासारखंच, ती लागूच नये हे पाहणं बरं. स्कॅन करताना दुकानदाराला आधीच सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी हवी, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर.

आणि हे काम फोटोतली माणसं ओळखणारं कोणी घरात आहे तोवर करा. आमच्याकडे सासूबाई होत्या, म्हणून चूक कळली.