धान्यकोठी आणि विजेचा मनोरा : भाई कोतवालांचे चरित्र व चित्रपटांतील वसाहतविरोधी राजकारण

स्वातंत्र्यलढ्यातील पुरुषाचे चरित्र लोकस्मृतीत उरते ते बहुधा त्याच्या मृत्यूच्या रूपाने. मृत्यूला तिथी असते, स्थळ असते, आणि त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे करता येते. विचाराच्या वाट्याला यांपैकी काहीच येत नाही. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या बाबतीत हेच घडले आहे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते व हिराजी पाटील धारातीर्थी पडले, ही घटना कर्जत, खालापूर आणि मुरबाड या भागांत परिचित आहे. त्यापूर्वीच्या वर्षांत कोतवालांनी जे उभे केले त्याचा अर्थ मात्र पुरेसा लावला गेलेला नाही. तो लावू पाहताना लोकप्रिय चित्रपटांनी वसाहतविरोधी राजकारणाला दिलेला आकार आड येतो. म्हणून या दोन गोष्टींचा विचार एकत्र करणे इष्ट ठरते.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. माथेरान हे १८५० नंतर इंग्रज अधिकाऱ्यांच्या व मुंबईच्या धनिकांच्या विसाव्यासाठी वसविलेले ठिकाण. पाहुण्यांची सेवा करणारे डोंगरावर आणि खावटीच्या कर्जात बुडालेले कुळवाडी, ठाकूर व कातकरी डोंगराच्या पायथ्याशी, अशी तेथील समाजाची उतरंड होती. कोतवाल वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. परंतु त्यांच्या कार्याचा ओघ वळला तो पायथ्याच्या खेड्यांकडे.

या खेड्यांची आर्थिक स्थिती ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनांचा उलगडा होत नाही. भाताचे एकच पीक, कुळाच्या हाती येणारा अपुरा वाटा, आणि पावसाळ्याच्या तोंडी रिकामी झालेली कणगी, हे येथील वर्षाचे ठरलेले चक्र. अशा वेळी सावकाराकडून धान्य उचलावे आणि सुगीला ते सवाईने वा दिढीने फेडावे, हा रिवाज. मणाला दीड मण ही परतफेड चार-पाच महिन्यांतच करावयाची असल्याने, नवे पीक खळ्यात येताच त्याचा मोठा भाग जुन्या भुकेपोटी जात असे. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी येथे शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध केलेला दीर्घ संप हे याच जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाब्यातील, त्याच दुखण्याचे दुसरे रूप होय.

कोतवालांनी काढलेल्या धान्यकोठ्या आणि खेड्यांतील शाळा या पार्श्वभूमीवर पाहावयास हव्यात. धान्यकोठीचे तत्त्व साधे आहे. सुगीत प्रत्येकाने थोडे धान्य सामाईक कोठीत घालावे व अडचणीच्या महिन्यांत तेथूनच ते उचलावे. पण या साध्या तत्त्वात एक सिद्धान्त दडलेला आहे. शेतकऱ्याचे दैन्य त्याच्या आळसातून वा व्यसनातून उद्‌भवलेले नसून धान्याची मालकी आणि धान्याची गरज यांतील काही महिन्यांच्या अंतरातून उद्‌भवलेले आहे, आणि ते अंतर सामुदायिक साठ्याने भरून काढता येते, असा तो सिद्धान्त. शाळेचे प्रयोजनही याला जोडूनच आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्या नावे लिहिलेला कर्जाचा आकडा पडताळता येत नाही. ग्रंथ लिहून मत मांडणाऱ्यास विचारवंत म्हणावयाचे आणि संस्था उभारून तेच मत सिद्ध करणाऱ्यास केवळ कार्यकर्ता, ही विभागणी स्वीकारली तर कोतवालांना पहिल्या वर्गात जागा नाही. परंतु ही विभागणीच तपासून पाहण्याजोगी आहे. समाजवादाची पक्षीय दीक्षा आणि समाजवादी विचाराचे आचरण या भिन्न बाबी असून येथे दुसरीचाच प्रश्न आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाल्यावर कोतवाल भूमिगत झाले व त्यांनी आझाद दस्ता उभारला. सुमारे पन्नास जणांच्या या तुकडीत शेतकऱ्यांबरोबर शाळांतील शिक्षकही होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ज्या माणसांनी धडे दिले त्यांच्यापैकीच काहींनी पुढे करवती हाती धरल्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने मुंबईला वीज नेणारे ११ मनोरे पाडले. लक्ष्याच्या निवडीतही भूगोलाची व अर्थकारणाची जाण दिसते. खालापूर भागातील खोपोलीचे जलविद्युत्‌केंद्र १९१५ मध्ये आणि कर्जत भागातील भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी, पायथ्याशी निर्माण होणारी वीज आणि तिच्यावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या अशी ही साखळी होती. खेड्यातल्या रानावरून जाणारी ती तार साम्राज्याच्या युद्धकालीन उत्पादनाची नस होती.

या कृतीतील पेच मात्र नजरेआड करता येणार नाही. वीज थांबली की गिरणी थांबते. आणि गिरणी थांबली की, कोकणातून व घाटावरून पोट भरण्यासाठी गेलेल्या कामगाराची मजुरी धोक्यात येते. जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने युद्धास ‘लोकयुद्ध’ मानून १९४२ च्या आंदोलनास विरोध केला. काँग्रेसमधील समाजवाद्यांनी, म्हणजे जयप्रकाश नारायण, राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांनी, भूमिगत लढ्याची बाजू घेतली. शेतकरी व कामगार या दोघांचे हित एकाच वेळी साधता येते काय, या प्रश्नावर डाव्या विचारांच्या दोन शाखा अशा रीतीने फुटल्या होत्या. कोतवालांच्या दस्त्याची कृती हे त्या प्रश्नाला खेड्याच्या बाजूने दिलेले उत्तर होते.

आता चित्रपटांकडे वळता येईल. ‘लगान’ (२००१) या चित्रपटाचे कथानक १८९३ सालच्या एका काल्पनिक खेड्यात घडते. दुष्काळ आणि दुप्पट सारा हे त्याचे आरंभस्थान. परंतु संघर्ष क्रिकेटच्या सामन्यात रूपांतरित होतो आणि विजयानंतर तीन वर्षांचा सारा माफ होतो. सारा योग्य की अयोग्य, तो कोण ठरवितो, सारा भरण्यासाठी कुळ कोणाकडून कर्ज घेते, हे प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी येत नाहीत. या चित्रपटाचे व ‘मंगल पांडे’ (२००५) याचे कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये आपली चित्रनगरी चौक-कर्जत परिसरात उभारली. जेथे खरे मनोरे पाडले गेले त्याच मुलखात पुढे इतिहासाचे देखावे उभे राहिले, या योगायोगाचा अर्थ ताणून लावू नये. तथापि इतिहासाचे दृश्यरूप घडविणे हा येथे एक व्यवसाय झाला आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

‘आरआरआर’ (२०२२) या अतिशय लोकप्रिय तेलुगू चित्रपटात ही प्रक्रिया अधिक स्पष्ट होते. त्यातील दोन नायकांना अल्लुरी सीताराम राजू व कोमरम भीम यांची नावे दिलेली आहेत. ऐतिहासिक राजूंचे बंड (१९२२-२४) मद्रास इलाख्यातील वनकायद्याने आदिवासींच्या फिरत्या शेतीवर आणलेल्या निर्बंधांशी निगडित होते, तर १९४० मध्ये मारले गेलेले भीम हे हैदराबादच्या निजामी राज्याविरुद्ध लढले. चित्रपटात दोघांचा शत्रू एकच, इंग्रज गव्हर्नर. वन, जमीन व एतद्देशीय सत्ता यांची गुंतागुंत अशा रीतीने एका क्रूर व्यक्तीत आटविली जाते, आणि ती व्यक्ती नष्ट झाली की प्रश्नही सुटल्यासारखा वाटतो. तरीही अखेरीस भीम आपल्या मित्रापाशी शिक्षण मागतो, हे नमूद केले पाहिजे. शस्त्रानंतर अक्षर, असा हा क्रम आहे. कोतवालांच्या चरित्रात तो नेमका उलटा आहे.

कोतवालांवरील मराठी चित्रपट ‘शहीद भाई कोतवाल’ या नावाने जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झाला. या नावातील विशेषण विचारात घेण्यासारखे आहे. मराठीत अशा पुरुषास ‘हुतात्मा’ म्हणण्याचा प्रघात असून हा शब्द सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत गणला जातो. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा. ‘शहीद’ हा अरबी शब्द साक्ष देणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. ‘दस्ता’ हाही फारसीतून आलेला. मराठीत एरवी तो कागदांच्या संदर्भात भेटतो आणि लष्करी अर्थाने ‘तुकडी’ हा शब्द सहज उपलब्ध होता. असे असता ‘आझाद दस्ता’ हे नाव स्वीकारले गेले, यावरून स्थानिक लढा अखिल भारतीय राजकारणाच्या हिंदुस्थानी परिभाषेशी जोडून घेण्याची प्रवृत्ती सूचित होते. जयप्रकाशांनी १९४३ मध्ये नेपाळच्या हद्दीत उभारलेल्या संघटनेचे नावही हेच होते.

या दोन शब्दांतील भेद संशोधकाला उपयोगी पडणारा आहे. आहुती पडली की विधी पूर्ण होतो. साक्ष दिली गेली की ती कशाविषयी होती हे विचारावे लागते. सिद्धगडावरील मृत्यू ही साक्ष मानली, तर ती केवळ परकीय सत्तेविरुद्धची ठरत नाही. इंग्रज १९४७ मध्ये गेले. कुळकायदा यावयास व त्याची अंमलबजावणी व्हावयास आणखी वर्षे लागली, आणि पावसाळ्यातील रिकामी कणगी कोणत्याही राजवटीच्या अस्ताबरोबर आपोआप भरली नाही. चित्रपटाला खलपुरुषाची गरज असते, आणि सवाई-दिढीच्या हिशेबाला चेहरा नसतो. म्हणून मनोरा पडद्यावर येतो व कोठी मागे राहते. या अडचणीचा दोष एकट्या चित्रपटकारांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. अभ्यासकांनीही भाई कोतवालांची गणना क्रांतिकारकांत करून शोध तेथेच थांबविला आहे. कर्जत-खालापूरच्या खेड्यांतील धान्यव्यवहाराची परिभाषा, जुनी कर्जखाती आणि त्या शाळांत शिकलेल्यांच्या कुटुंबांतील आठवणी एकत्र केल्या, तर विजेचा मनोरा का पाडला गेला याचे उत्तर धान्याच्या कोठीत सापडण्याची शक्यता पुष्कळ आहे.