घरातील गडद निळा रंग

दिवाळीपूर्वी घराला चुना लावताना त्यात चिमूटभर नीळ टाकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. चुन्यातील पिवळसर झाक तिने झाकली जाते आणि भिंत अधिक पांढरी दिसते. हीच नीळ चिमटीऐवजी ओंजळीने घातली, की भिंत निळी होते. व्यवहार इतका साधा. पण एके काळी हा रंग राजेरजवाड्यांनाच परवडे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

नीळ म्हटली की प्रथम आठवतात ते बंगाल-बिहारमधील मळे, तेथील रयतेचे हाल आणि १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह. ती नीळ झाडापासून निघे आणि मुख्यतः कापडासाठी खपे. भिंतीवरची नीळ निराळी. तिचे कूळ दगडाचे आहे. अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात, लाजवर्द नावाचा निळा दगड सापडतो. संस्कृतात त्याला राजावर्त म्हणतात. पाचव्या शतकात अजिंठ्याच्या चित्रकारांनी याच दगडाची पूड वापरली. त्यांचे पिवळे, तांबडे रंग माती-दगडांतून सहज मिळाले. निळा मात्र दूरदेशाहून आणावा लागला. तेथील विहार ही भिक्षूंची निवासस्थाने होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. मधल्या दालनाभोवती त्यांच्या खोल्या आणि दालनाच्या भिंतींवर चित्रे. माणसे राहतात त्या छपराखाली हा रंग आणला गेल्याचे आपल्या भूमीतील ते फार जुने उदाहरण होय. या लेण्यांमागे राजे, मांडलिक आणि मंत्री यांचे द्रव्य उभे होते. सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने दान केले.

युरोपात या रंगाला अल्ट्रामरीन, म्हणजे ‘समुद्रापलीकडचा’, असे नाव पडले. दगडाची पूड राळ, मेण आणि तेल यांच्या गोळ्यात मळायची आणि क्षाराच्या पाण्यात तो गोळा दाबून दाबून निळे कण वेगळे करायचे, अशी ही कष्टाची कृती होती. असा रंग घराच्या भिंतीला फासण्याचे कोण मनात आणील?

पहिला मार्ग चुकून सापडला. १७०४ ते १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगकार तांबडा रंग करीत होता. त्याने घेतलेला पोटॅश प्राणिज तेलाने दूषित झालेला होता. त्यामुळे तांबड्याऐवजी गडद निळा साका हाती आला. हाच प्रशियन निळा. तेलात कालवून तो युरोपातील दिवाणखान्यांच्या लाकडी तक्तपोशीवर आणि कागदी भिंतपटांवर चढला. पण त्याला चुन्याचे वावडे. चुन्याच्या क्षाराने तो बिघडतो. आपल्याकडील चुन्याच्या भिंतींना त्याचा उपयोग नव्हता.

खरी सुटका पुढील शतकात झाली. चुन्याच्या भट्ट्यांच्या भिंतींवर निळे थर जमतात, हे गटे या जर्मन कवीने १७८७ मध्ये सिसिलीत पाहिले होते. १८२४ मध्ये फ्रान्समधील उद्योगोत्तेजक मंडळाने कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकांचे बक्षीस लावले; अट अशी की, किलोचा खर्च ३०० फ्रँकांवर जाऊ नये. १८२८ मध्ये ते झाँ-बातिस्त गिमे याला मिळाले. त्याच वर्षी जर्मनीतील ट्यूबिंगेनचे प्राध्यापक ग्मेलिन यांनी आपली स्वतंत्र कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा या सामान्य वस्तू भट्टीत तापवल्या, की राजावर्ताचाच रंग तयार होतो; आणि हा रंग चुन्यात टिकतो. कपड्यांच्या निळीची आणि भिंतीच्या निळीची पुडी एकच झाली ती यामुळे.

हा रंग प्रकाश पिऊन टाकतो, एवढे मात्र विसरू नये. अंधाऱ्या खोलीत चारही भिंती गडद निळ्या केल्यास दिवसाही दिवा लावावा लागेल. भरपूर उजेडाच्या खोलीत एखादी भिंत निळी आणि छत पांढरे ठेवले, तर डोळ्यांना विसावा मिळतो.

१९४२ मध्ये स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रातील कितीतरी वस्त्यांत घरांच्या आणि विहारांच्या भिंती निळ्या झाल्या. अजिंठ्याच्या विहारात जो रंग राजाच्या मंत्र्याने द्रव्य दिल्यावाचून चढला नसता, तो आज कष्टकरी माणूस मजुरीच्या पैशाने विकत घेतो आणि स्वतःच्या हाताने आपल्या घराच्या भिंतीला लावतो. रंग तोच आहे. तो लावणारा हात बदलला आहे.