द्राक्षांमागून आलेला अमोनिया

पंचवटीत दिंडोरी रस्त्यावर नाशिक बाजार समितीचे आवार आहे. हाच रस्ता पुढे द्राक्षबागांच्या तालुक्यात शिरतो. 1991 मध्ये महाग्रेप्स ही सहकारी संस्थांची द्राक्ष-निर्यात संस्था उभी राहिली आणि निर्यातीचा माल तोडणीनंतर काही तासांत थंड करून शून्य अंशाजवळ ठेवणे भाग पडले. जिल्ह्यात शीतगृहे वाढली, त्यांतल्या मोठ्या यंत्रांबरोबर शीतक म्हणून अमोनियाही आला.

वायू मात्र जुनाच. मुंबईने 1834 मध्ये बर्फ पाहिला तो अमेरिकेहून जहाजाने आलेला. कार्ल फॉन लिंडेने 1876 मध्ये अमोनियाचा कॉम्प्रेसर चालवून दाखवला आणि बर्फाचे कारखाने परवडू लागले. उणे 33 अंशांना उकळणारा हा पदार्थ स्वस्त, भरपूर उष्णता ओढणारा आणि ओझोनला निरुपद्रवी. म्हणून फ्रिऑन या कृत्रिम शीतकांच्या काळातही तो टिकला.

गळतीची पहिली वर्दी नाकच देते. नेमकी जागा शोधायला जुने ऑपरेटर पेटती गंधकाची कांडी सांध्यांजवळून फिरवत. पांढरा धूर उठला की सांधा सापडला. खरा धोका तेल काढताना असतो. कॉम्प्रेसरमधून निसटलेले तेल अमोनियापेक्षा जड, त्यामुळे टाकीच्या तळाशी साचते. थंडीने घट्ट झालेले तेल येईना म्हणून व्हॉल्व्ह उघडा टाकून माणूस बाजूला गेला, की तेलामागून द्रव अमोनिया उसळतो. हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा दुसरा व्हॉल्व्ह हा त्यावरचा साधा उपाय.

यांत्रिक शीतकरणाची भारतीय सुरक्षा संहिता 1963 मध्ये आली. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम. या नियमांतल्या कडक तरतुदी अमोनियाच्या पन्नास-साठ टनांपासून लागू होतात. शीतगृहात तो बहुधा त्याहून खूप कमी असतो. माणसाला गुदमरवायला मात्र तेवढा पुष्कळ होतो. कायद्याने मोठी टाकी पाहिली, यंत्रघरातली लहान टाकी तिच्यामागे राहिली, असे म्हणावे लागते.

गळती झालीच तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडून उगमाच्या ज्या अंगाने वारा येतो तिकडे जायचे. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी थंड गळतीचे पांढरे धुके जमिनीलगत सरकते. फवाऱ्याचे पाणी धुक्यावर मारावे. साचलेल्या द्रवावर पडले तर तो अधिकच उकळतो. डोळे किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे लागतात. खोलीत शिरलेला वायू मालालाही सोडत नाही: लाल द्राक्षे निळसर पडतात.