हिमालयाचा रेटा आपल्या उंबऱ्यापर्यंत



आपल्या करमाडच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाषाण फोडताना एखाद्या विहिरीत मध्येच गेरूसारखा तांबडा थर दिसतो. हा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस. एक लोट आला, निवला, त्याच्यावर माती धरली, मग दुसरा लोट आला. मधली भाजलेली माती म्हणजे तो तांबडा थर. असे थरावर थर बसून आपलं पठार झालं. हे पठार जुनं नि घट्ट, इथं भूकंपाचं भय नाही, असंच आपण सगळ्या धरून चाललो होतो.

३० सप्टेंबर १९९३ ला तो समज मोडला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला लातूर-उस्मानाबादकडची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली, हजारो माणसं गेली. तेव्हापासून प्रश्न पडतो : घट्ट पठार हाललं कशानं?

उत्तर सापडतं हजाराहून अधिक किलोमीटर दूर, हिमालयात. आपला भारत कोट्यवधी वर्षांपूर्वी दक्षिणेकडे, आफ्रिकेला चिकटून होता. तिथून सुटून तो उत्तरेकडे सरकत गेला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला धडकला. त्या धडकेतून हिमालय उभा राहिला. पण सरकणं थांबलेलं नाही. भारत आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतोच आहे.

गोधडीचं एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाकडून हळूहळू ढकला. सगळ्यात मोठी चुणी भिंतीपाशी पडते, तो हिमालय. पण मध्ये कुठं जुनी शिवण उसवलेली असेल, तर तिथंही गोधडी उचलते किंवा दबते. जमिनीचंही तसंच. पोटातल्या जुन्या भेगा म्हणजे तिच्या उसवलेल्या शिवणी. रेटा लांबचा असला तरी जोर तिथं निघतो.

कच्छ बघा. भारत आफ्रिकेपासून सुटू लागला तेव्हा तिथली जमीन ताणली गेली, भेगांवरून खचली, समुद्र आत आला. वाळू, चिखल, चुना यांचे थर साठले. पुढे आशियाशी धडक झाली, ताण जाऊन दाब आला. ज्या भेगांवरून जमीन खाली गेली होती, त्याच भेगांवरून ती वर सरकू लागली. म्हणून कच्छच्या डोंगरांत समुद्रातले शंख सापडतात. २६ जानेवारी २००१ चा भुजचा भूकंप त्याच दाबाचा.

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. विदर्भातली पूर्णा, तापीला मिळणारी. आपली मराठवाड्यातली पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते. विदर्भातल्या पूर्णेच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम गेलेली जुनी भेग. हिमालयाकडच्या दाबानं अशा भेगा पुन्हा जाग्या झाल्या, असं भूशास्त्रज्ञ मानतात. डोंगराची बाजू वर राहिली, दक्षिणेची खाली गेली, आणि त्या खळग्यात नदीचा गाळ साठत गेला. तो गाळ शेकडो मीटर जाड आहे. चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार तिथंच राहतात. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा तो हाच. तिथल्या बायकांना दारात विहीर असून गोड्या पाण्यासाठी लांब जावं लागलं. डोक्यावरच्या त्या हंड्याचं मूळ असं जमिनीच्या पोटात आहे.

किल्लारीलाही हाच दाब होता. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथं खोल भोक पाडलं. सुमारे ३४० मीटर काळ्या पाषाणाखाली गाळाचा पातळ थर, आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइट निघाला. म्हणजे पाषाण हे वरचं पांघरूण. जुन्या भेगा त्याच्या खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या.

पण मैत्रिणींनो, किल्लारीत माणसं गेली ती घरांखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांच्या आतला नि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, आणि वर मातीचं जड माळवद. हादरा बसताच भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्यांवर आलं.

पुढे घरांची दुरुस्ती-मजबुती सुरू झाली, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसं बांधायचं, पैसा कशावर खर्चायचा, हे त्या घरोघरी सांगत फिरल्या. गवंडीकामातलं बायकांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

तेव्हा आपल्या गटातल्या कुणाचं घरकुल निघालं, कुणाची जुनी भिंत डागडुजीला आली, तर गवंड्याला तीन गोष्टी विचारू या. जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवला आहे का? दगडाच्या भिंतीत आरपार जाणारे लांब दगड बसवले आहेत का? छतावर मातीचा जास्तीचा भार तर नाही ना?

हिमालयाचा रेटा आपल्याला थांबवता येणार नाही. भूकंप कधी येईल, हेही आधी कुणी सांगू शकत नाही. भिंत मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि आपापल्या घरातल्या भिंती एकदा निरखून बघा.