चांदमारीची शिस्त : नेमबाजी केंद्रांतील कडक नियमांची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना :

शुल्क भरून नेमबाजी केंद्रात गेलेल्या ग्राहकास प्रथम अनुभव येतो तो नेम धरण्याचा नव्हे, तर मनाईचा. आदेश मिळाल्याशिवाय बंदुकीस हात लावावयाचा नाही. नळी सदैव लक्ष्याकडेच ठेवावयाची. नेम धरेपर्यंत चापावर बोट न्यावयाचे नाही. रेषेपुढे माणूस असेल तर बंदूक खाली ठेवून मागे सरकावयाचे. आणि 'थांबा' ही हाक ऐकताच, ती कोणी दिली हे न पाहता, थांबावयाचे. अन्य क्वचितच एखाद्या क्रीडाप्रकारात हौशी माणसास इतके बांधून घातले जात असेल. त्यामुळे या नियमांकडे पोलिसी खाक्या म्हणून पाहण्याची वृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात या नियमांच्या उगमाचा शोध घेतला असून, त्यांचा मुख्य रोख केंद्रात उभ्या असलेल्या नेमबाजाच्या रक्षणावर नाही, तर केंद्राबाहेरच्या, बंदुकीशी काहीही संबंध नसलेल्या माणसाच्या रक्षणावर आहे, असे प्रतिपादन केले आहे.

हिंगोलीची छावणी आणि बंदुकीचा वाढता पल्ला :

पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेले सिद्धेश्वर ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्या हिंगोली शहराचा लष्करी इतिहास आज बराचसा विस्मृतीत गेला आहे. इ.स. १८१९ पासून १९०३ पर्यंत हिंगोली हे निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे ठाणे होते. वऱ्हाडविषयक १९०२ च्या करारानंतर ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीत आहे, एवढाच काय तो त्या परंपरेशी दुवा.

या ८४ वर्षांच्या कालखंडाचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. छावणी बसली तेव्हा शिपायाच्या हाती आतून गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासावयाची बंदूक होती. शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. त्यामुळे शिपायास शिकविले जाई ते नेम धरणे नव्हे, तर हुकमासरशी सर्वांनी एकदम बार काढणे. नळीत आटे पाडलेली एनफिल्ड रायफल आली आणि चित्र पालटले. नेम हे शिकण्याजोगे कौशल्य झाले. इंग्लंडमध्ये हाइथ येथे १८५३ साली बंदूकशिक्षणाची स्वतंत्र शाळा निघाली. हिंदुस्थानात नव्या रायफलीच्या शिक्षणासाठी डमडम, अंबाला व सियालकोट ही ठिकाणे निवडली गेली. त्याच शिक्षणात काडतुसांचा वाद उद्भवून १८५७ चा भडका उडाला, हे सर्वज्ञात आहे.

नेम शिकवावयाचा तर मोकळे मैदान, लक्ष्य आणि लक्ष्यामागे मातीचा उंच भराव हवा. छावणीगावांत या जागेस 'चांदमारी' हे नाव पडले व अनेक गावांत ते वस्तीचे नाव म्हणून टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या .३०३ रायफलीची गोळी तीन किलोमीटरांच्या आसपास पोहोचत असे. म्हणजे भरावावरून निसटलेली एक गोळी छावणीची हद्द ओलांडून शेतात, पाणवठ्यावर वा गुराख्यापर्यंत जाऊ शकत होती. आज प्रशिक्षणात वापरली जाणारी साधी .२२ रायफलही सुमारे दीड किलोमीटर गोळी फेकते, लक्ष्य मात्र ५० मीटरांवर असते. लक्ष्याचे अंतर आणि गोळीचा पल्ला यांतील ही तफावत लक्षात घेतली, की नळीची दिशा हा पहिला नियम का, याचे निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

इंग्लंडमधील अनुभवही असाच आहे. तेथील राष्ट्रीय रायफल संघटनेच्या विम्बल्डन येथील स्पर्धांचा प्रारंभ १८६० मध्ये व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून केला. तीस वर्षांत भोवताली घरे वाढली, रायफलींचा पल्लाही वाढला. अखेर १८९० मध्ये संघटनेस आपले मैदान बिस्ली येथे हलवावे लागले.

गावकरी आणि धोक्याचे क्षेत्र :

हिंदुस्थानात मात्र मैदाने हलली नाहीत. बहुधा माणसे हलविली गेली. लष्करी सराव, मैदानी गोळीबार व तोफखान्याचा सराव यांसंबंधीचा १९३८ चा अधिनियम आजही लागू आहे. त्यानुसार शासन अधिसूचनेद्वारे एखादे क्षेत्र गोळीबारासाठी मोकळे करू शकते, सरावाच्या काळात धोक्याच्या क्षेत्रातून रहिवाशांना बाहेर काढता येते आणि नुकसानीची भरपाई देय ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील के.के. रेंज हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. नगर, राहुरी व पारनेर तालुक्यांतील गावे या क्षेत्राच्या सावटाखाली पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. भंगाराच्या आशेने न फुटलेले तोफगोळे उचलताना तेथे माणसे दगावलेली आहेत. येथे नियम मोडणारा कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. लाल निशाण नेमबाजास थांबविण्यासाठी नसते, ते गुराख्यास सांगण्यासाठी असते. आणि गुराख्याने ते पाहिले नाही, तर सावध राहण्याची जबाबदारी पुन्हा बंदूक धरणाऱ्यावरच येते.

काडतुसांचा हिशेब :

नियमांचा दुसरा धागा मात्र सुरक्षिततेचा नाही, अविश्वासाचा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्यात बदल करण्याची मागणी झाली ती याच भेदामुळे. निजामी मुलूख असल्याने हिंगोलीस हा कायदा थेट लागू नव्हता, परंतु प्रजेच्या हाती बंदूक नको ही भूमिका तेथेही वेगळी नव्हती. दिलेल्या व झाडलेल्या काडतुसांची नोंद ठेवणे, रिकामी काडतुसे मोजून परत घेणे, या प्रथा या वातावरणात रुजल्या. त्यांचा उद्देश अपघात टाळणे हा नसून दारूगोळा बाहेर जाऊ न देणे हा आहे. हा हेतूही गैर म्हणता येत नाही; मात्र दोन्ही धाग्यांची सरमिसळ झाल्याने सर्वच नियम सरकारी संशयाचे अपत्य वाटू लागले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यास लक्ष्यसरावासाठी .२२ रायफलीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आली. वसाहतकालीन कायद्याने ज्या प्रजेकडे संशयाने पाहिले, तिला नव्या कायद्याने शिस्तीच्या अटीवर खेळाचा हक्क दिला, असा याचा अर्थ लावता येतो. महाविद्यालयांत हा हक्क मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या मार्गाने पोहोचला. अंजली भागवत यांची नेमबाजीची वाट मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील छात्रसेनेतूनच सुरू झाली. याच छात्रसेनेच्या पुण्यातील गोळीबार सरावात २०१३ मध्ये एका शालेय छात्राच्या डोक्यास गोळी लागली व पुढे त्याचा मृत्यू झाला. काडतुसांच्या वहीतील नोंदी कितीही बिनचूक असल्या तरी अशी गोळी त्या वहीमुळे थांबत नाही. ती थांबते रेषेवरील शिस्तीने.

या दोन धाग्यांतील फरक तपासून पाहण्याची सोय शस्त्र नियम, २०१६ ने आपोआप करून दिली आहे. या नियमांनुसार .१७७ इंच, म्हणजे सुमारे ४.५ मि.मी. पर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीस परवाना लागत नाही. शहरोशहरी निघालेल्या १० मीटरच्या बहुतेक खासगी केंद्रांत हीच बंदूक असते. तेथे परवान्याचा प्रश्न नाही आणि छऱ्यांचा सरकारी हिशेबही नाही. तरीही नळी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर आणि रेषेपुढे कोणी नाही, हे तीन नियम तेथे शब्दशः तसेच लिहिलेले असतात. कारण इतक्या कमी ऊर्जेचा छराही दहा मीटरांवर माणसाचा डोळा कायमचा निकामी करू शकतो.