रेल्वे-प्रतिकृती व स्थानकदृश्याची रचना

रूळ, गाड्या, स्थानक, सिग्नल व भोवतालचा परिसर यांचे ठराविक प्रमाणात लहान केलेले आणि बहुधा चालते असे रूप म्हणजे रेल्वे-प्रतिकृती होय. खेळण्यातील गाडी व प्रतिकृती यांत महत्त्वाचा भेद आहे. खेळण्यात गाडी धावणे एवढेच अभिप्रेत असते. प्रतिकृतीत ती कोठे, कोणत्या काळी व कशासाठी धावत होती, हेही दाखवावे लागते. एखाद्या विशिष्ट गावाच्या स्थानकावर आधारलेले दृश्य हा या कलेचा सर्वांत अवघड प्रकार मानला जातो. त्यात कल्पनेला मोकळीक थोडी आणि पुराव्याला महत्त्व अधिक असते.

इतिहास : जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी-उत्पादक संस्थेने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत ठराविक रूळमापांची गाडी मांडली. तेव्हापासून मापांच्या प्रमाणीकरणास चालना मिळाली. इंग्लंडमध्ये बॅसेट-लोक (१८९९ पासून) व हॉर्नबी (१९२० पासून) यांच्या गाड्यांनी हा छंद मध्यमवर्गीय घरांत नेला. १९३५ च्या सुमारास टेबलावर मांडता येतील अशा लहान मापाच्या विजेवरील गाड्या आल्या व संपूर्ण गाव उभे करणे शक्य झाले. इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयाने (१९५४ पासून) १९२०–४० या काळातील ग्रामीण परिसर बारकाईने नोंदवून प्रतिकृतीला इतिहाससाधनाचे स्थान मिळवून दिले. हँबर्ग येथील ‘मिनिअटुर वुंडरलांट’ (२००१) हे भव्यतेचे उदाहरण होय.

भारतात दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात (१९७७) खऱ्या गाड्यांबरोबर प्रतिकृतीही पाहावयास मिळतात. महाराष्ट्रात भाऊ जोशी यांच्या छंदातून पुण्यातील कोथरूड येथे उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यातील लघुनगर काल्पनिक आहे. त्यामुळे रचनाकाराला मार्ग, पूल व इमारती इच्छेप्रमाणे योजता येतात. खऱ्या स्थानकाच्या दृश्यात ही सोय नसते.

प्रमाण व माप : सर्वांत रूढ असलेल्या ‘एचओ’ प्रमाणात वस्तू खऱ्याच्या १/८७ पट असते व रूळांतील अंतर १६.५ मिमी. असते. हे अंतर युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिमी. या प्रमाण मापावरून आलेले आहे. भारतीय रुंद माप १,६७६ मिमी. असल्याने त्याच प्रमाणात ते सु. १९.३ मिमी. भरते. बाजारातील तयार रूळ वापरल्यास भारतीय गाडी सु. पावणेतीन मिमी. अरुंद पायावर उभी राहते. काटेकोर रचनाकार म्हणून रूळ स्वतः तयार करतो. इतरांना ही तडजोड मान्य करावी लागते.

लांबीचा प्रश्न याहून बिकट आहे. इंजिनासह वीस डब्यांची प्रवासी गाडी साडेचारशे मीटरांहून लांब असते. १/८७ प्रमाणात ती पाच मीटरांहून अधिक होते व साध्या खोलीत मावत नाही. वळणांचेही तसेच. ८७५ मी. त्रिज्येचे खरे वळण प्रतिकृतीत सु. १० मी. त्रिज्येचे होईल, प्रत्यक्षात अर्ध्या मीटरच्या आसपासची त्रिज्या वापरावी लागते. म्हणून फलाट व गाड्यांची लांबी कमी करतात. मात्र इमारतींची उंची, दारे-खिडक्या व माणसे यांचे प्रमाण कायम ठेवतात. काय गाळले व काय राखले, यावरून रचनाकाराची विवेकबुद्धी कळून येते.

अहमदनगर जिल्ह्यातील उदाहरण : दौंड–मनमाड हा सु. २३५ किमी. लांबीचा रुंदमापी मार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या आग्नेय व ईशान्य शाखा जोडून मुंबईजवळचे दोन्ही घाट टाळणे, हा त्याचा हेतू होता. त्याचा बहुतेक भाग अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातून जातो. या मार्गाचे मातीकाम १८७६–७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरील मजुरांकडून करून घेण्यात आले. त्या काळी मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरील मजुरीच्या दरांत कपात झाल्याने असंतोष पसरला होता आणि पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळाची वृत्ते सरकारपुढे मांडली होती.

याच मार्गावरील बेलापूर स्थानक दृश्यरचनेच्या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. मूळ बेलापूर हे गाव स्थानकापासून काही अंतरावर प्रवरेकाठी वसलेले आहे. स्थानकाभोवती वाढलेल्या नव्या वस्तीचे श्रीरामपूर हे शहर झाले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला व साखर कारखाने निघाले. त्यामुळे एका दुष्काळी मार्गावरील स्थानक बागायती प्रदेशाच्या व्यापाराचे केंद्र बनले. विसाव्या शतकाच्या मध्याचे दृश्य उभारताना फलकावर ‘श्रीरामपूर’ असे लिहिल्यास ती चूक ठरेल, कारण शहराचे नाव वेगळे झाले तरी स्थानक बेलापूर या नावानेच राहिले.

रचनेची पद्धती : प्रथम वर्ष निश्चित करतात, कारण त्यावरच इतर सर्व निवड अवलंबून असते. १९५५ चे दृश्य असेल तर ‘डब्ल्यूपी’ (१९४७ पासून) व ‘डब्ल्यूजी’ (१९५० पासून) या वर्गांची वाफेची इंजिने, बाहूचे सिग्नल, पाण्याची टाकी व बैलगाड्या त्यात शोभतील. विजेच्या तारा मुळीच नकोत. दुसऱ्या टप्प्यात मोजमाप व साधनसंग्रह येतो. इमारतीची रुंदी, दारांची उंची, खांबांतील अंतर व फलाटाची उंची मोजून घेतात. उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिमी. असतो, म्हणजे १/८७ प्रमाणात सु. ९ मिमी. भरतो. जुनी छायाचित्रे, नकाशे, वेळापत्रके व निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून पाहतात. छायाचित्रात नसलेली बाजू तशाच प्रकारच्या दुसऱ्या स्थानकावरून पूर्ण केल्यास तशी नोंद ठेवणे उचित होय.

तिसरा टप्पा वाहतुकीचा. एकेरी मार्गावर स्थानक म्हणजे गाड्यांना एकमेकींस वाट देण्याची जागा असते. म्हणून मुख्य मार्ग, बाजूचा मार्ग, सांधे व मालधक्का यांचा संबंध बिनचूक दाखविणे इमारतीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे ठरते. परिसरासाठी प्लायवुडाचा पाया, प्लॅस्टरची जमीन, रंगविलेला भुसा व तारेची बाभळीची झाडे वापरतात. काळी जमीन, उसाचा हिरवा पट्टा, मालधक्क्यावरील पोती व गुळाच्या ढेपा यांवरून प्रदेश ओळखू येतो.

महत्त्व व मर्यादा : रुंदमापी मार्गांवरील नियमित वाफेची वाहतूक भारतात १९९५ च्या अखेरीस संपली. पुणतांब्याहून शिर्डीची शाखा २००९ मध्ये सुरू झाली. पुढे दौंड–मनमाड मार्गाचे विद्युतीकरण व दुहेरीकरण हाती घेण्यात आले. अशा बदलांत जुने मालधक्के, सिग्नल व दगडी बांधकामे नाहीशी होतात. मोजमाप करून केलेली प्रतिकृती अशा वेळी नोंदीचे काम करते. त्यामुळे इमारत पाडण्यापूर्वी घेतलेली मापे हा या छंदाचा सर्वांत टिकाऊ भाग मानावा लागेल.

तथापि लहान केलेले जग सहज नीटनेटके दिसते. त्यात धूळ, गर्दी व श्रम कमी होतात. बेलापूरच्या दृश्यातील भराव पाहणाऱ्यास निसर्गतः असलेला उंचवटा वाटेल. तो उपाशी माणसांनी टोपल्यांनी टाकलेल्या मातीचा आहे, हे प्रतिकृतीत दिसत नाही. म्हणून स्थानकाचे वर्ष, मार्ग कोणी व कोणत्या परिस्थितीत बांधला आणि कोणता भाग अनुमानाने केला आहे, हे सांगणारा फलक दृश्याजवळ असणे हे रचनेचेच अंग समजले पाहिजे.